गोविंदा मुंबईला चालला

कर्जत, रविवार, १७ नोव्हेंबर १९४६

डोकं नुसतं भणभणतंय. आमच्या गोविंदाला मुंबईची एक गिरणी आपल्या फुटबॉल संघात नेणार, ही बाजारातली आवई खरी निघाली. उठवली कुणी? आमच्याच क्लबाच्या सेक्रेटरीनं, भाव चढावा म्हणून! मेल्याला लाज नाही. गोविंदाच्या बदल्यात गिरणी म्हणे क्लबाचं कर्ज फेडणार. कर्ज कसलं, तर बुटांचं! रेल्वेच्या साहेबासमोर मिरवायला यानंच सगळ्या संघाला बूट उधारीवर आणले.

गोविंदाला विचारलं, "जायचंय का रं तुला?"

"मला कोन इचारतंय? वर सेक्रेटरी म्हनले, जाताना बूट जमा कर."

काय जमा करणार? त्याचा जोड क्लबाच्या कपाटात अजून कोरा पडलाय. गोविंदा आजही अनवाणीच खेळला.