बाराच्या खेळाचा शेवट

आई, तू जाऊन तीस वर्षं झाली, आणि तुझ्यावरच्या एका जुन्या रागाचं आता काय करावं ते मला कळेनासं झालंय. धुळ्यात आपण होतो तेव्हा तो रडका सिनेमा फिरून फिरून लागायचा, आणि दर वेळी तू मला घेऊन बायकांच्या बाराच्या खेळाला जायचीस. शेवटाला त्यातला नायक नदीपलीकडे झोपडीत खाटेवर तिची वाट बघत पडलेला, ती घरच्यांचा डोळा चुकवून नावेत बसलेली, सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले. आणि नेमकी तेव्हाच तू उठायचीस. लाकडी खुर्ची खट्कन मिटायची. "चाल व, भाकरी करान्या शेतस." मागची बाई ओरडायची, "बस वं माय खाले! तुना नवरा काय उपाशी मरी ऱ्हायना का?" तू हसायचीस, पण थांबायची नाहीस.

पुढचं मी घरी ऐकायची. ओल्या फडक्यावर ज्वारीचे पापडासारखे बिबडे थापता थापता तू सांगायचीस, की ती वेळेवर पोचते, तो उठून बसतो, दोघं लग्न करतात आणि दोंडाईच्याला स्टेशनाजवळ कापडाचं दुकान टाकतात. तो डाव्या हाताने कापड मोजतो. हसला की त्याचा एक डोळा बारीक होतो. "सिनेमात दोंडाईचा कुठून आलं गं?" मी विचारायची. "तुनं ध्यान कोठे ऱ्हास?" म्हणत तू पिठाचं बोट माझ्या नाकाला लावायचीस. दोंडाईचा तुझं माहेर, एवढं मला माहीत होतं. बाकीचं कळायचं ते वय नव्हतं.

मग मी मोठी झाले, आणि आपल्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारा एक मुलगा आला. तुला वाटायचं, आपला रेडिओ सारखा बिघडतो; त्याची तार मीच काढून ठेवायची. त्याला बोदवडला काम मिळालं, तेव्हा जाण्याआधी आठवडाभर तो मला एकच विचारत होता, "हो की नाही, एवढंच सांग." मी काहीच सांगितलं नाही. घाई कशाला, शेवटी सगळं जमतंच, हे मी तुझ्या बिबड्यांबरोबर इतकी वर्षं खात आले होते. तो गेला. वर्षभराने त्याच्या लग्नाची बातमी आली.

त्या दुपारी मी एकटीच त्या सिनेमाला गेले आणि परत येऊन तुझ्यासमोर उभी राहिले. "खोटं सांगत आलीस तू! तिची नाव लागते तोवर तो मेलेला असतो." तुझे हात थापतच राहिले. "माले माहीत शे. एक डाव देखेल शे." "मग दर वेळी उठतेस कशाला?" तू मान वर केली नाहीस. "परत देखसू ते घर कोन जाई?"

त्यानंतर तू ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाहीस. दोंडाईच्याचं दुकान त्या दिवशी बंद झालं ते कायमचं. मी बंद केलं, आई. तुझी तेवढीच एक जागा होती.

आता मी जळगावला लेकाकडे असते. परवा नातीने हौसेने तोच सिनेमा मोबाईलवर लावून दिला. तो खाटेवर, ती नावेत, आणि माझ्या पाठीमागे खट् झालं. आमच्या घरात लाकडी खुर्ची नाही. मी वळून पाहिलं नाही, उठले. "आजी, अगं शेवट तर बघ!" "भाकरी टाकायच्यात." "आज खिचडी केलीय ना आईने!" तरी मी परात ओढली. पीठ मळताना कानाशी कापड फाडल्याचा आवाज येत राहिला, लांब, सरळ. आता तर रोजच येतो.

तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दुपारीही मी शेवट पाहिला नव्हता. नाव दिसली तशी मीही उठले होते. तो मरतो, हे मला दारावरच्या तिकीट फाडणाऱ्याने सांगितलं.