सत्त्याण्णव ते एकशेबारा

नाना, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज बसले आहे त्याचं कारण काही चांगलं नाही. मला पुस्तकांचा वीट आला आहे. पुस्तकांचा म्हणते, पण खरं म्हणजे पुस्तकांवर बोलणाऱ्यांचा, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून बसलेली मीच आहे. तुम्ही भडगावच्या वाचनालयात उभा जन्म काढलात. तुमच्या मुलीनं तुम्हाला हे सांगावं याची लाज वाटते, पण लाजेपेक्षा शिसारी जास्त आहे.

मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही, तेव्हा आधी तेच सांगते. धुळ्याच्या कॉलेजातून रिटायर झाल्यावर मी जळगावला पिंप्राळ्यात घर घेतलं. इथं आल्यापासून दर रविवारी सकाळी मी नव्या पुस्तकांची यादी करते. पाच नावं. तीन कथा-कादंबऱ्या, दोन माहितीची नाहीतर अनुभवाची. प्रत्येकाखाली चार ओळी. आधी ती मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये जाते, मग इथल्या एका पेपरात येते. हजारभर माणसं ती वाचतात, काही जण कापून ठेवतात, आणि भाजी घेताना सुद्धा मला कुणीतरी विचारतं, मॅडम, या रविवारी काय. प्रकाशक घरी पार्सलं पाठवतात. सुरुवातीला मी सगळं वाचत होते, खरंच वाचत होते. मग पार्सलं वाढली. मग मी मागचं कव्हर, प्रस्तावना आणि मधलं एखादं पान एवढ्यावर भागवायला लागले. मग प्रस्तावनाही सुटली. आता माझ्याकडे वाक्यं तयार असतात. ‘मनाला भिडणारं.’ ‘प्रत्येक घरात असावं असं.’ ‘हातातून खाली ठेववत नाही.’ हातात घेतलेलंच नसतं तर खाली काय ठेवणार.

आणि मी एकटी नाही, हे तर आणखी घाण आहे. गेल्या महिन्यात एका प्रकाशनाला गेले होते. शाल, श्रीफळ, फीत कापायला आलेले पाहुणे. पहिले वक्ते पाऊण तास बोलले आणि पुस्तकाचं नाव दोनदा चुकले. दुसरे म्हणाले, मी हे पुस्तक एका बैठकीत संपवलं, आणि त्यांच्या पुढ्यातली प्रत इतकी कोरी होती की उघडताना तिचा कणा कडकडला. मी तिसरी वक्ता होते. मीही बोलले. बाहेर येऊन आम्ही तिघांनी कचोरी खाल्ली आणि एकमेकांच्या भाषणांचं कौतुक केलं.

तुमचं सगळं उलटं होतं. वाचनालयात नवी पुस्तकं आली की तुम्ही ती पिशवीत घालून घरी आणायचात. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून वाचता आहात, ती म्हणते, आधी जेवून घ्या, आणि तुम्ही नुसतं हूं करता. वाचून झाल्याशिवाय पुस्तकावर नंबर चढवायचा नाही, असा तुमचा हट्ट. नंबर नाही तर पुस्तक कुणाला मिळायचं नाही, मग लोक चिडायचे. एक मास्तर तर म्हणाले होते, नाना, तुम्ही उष्टं करून वाढता. तुम्ही हसलात आणि त्यांना आणखी चार दिवस थांबवलंत. मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही मला काही विकत आणलं नाहीत. एक नवी कोरी कादंबरी हातात दिलीत आणि म्हणालात, ही आधी तू वाच, तू सांगितल्यावर नंबर देतो. आठ दिवस अख्खं भडगाव माझ्यासाठी थांबलं होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्टही आठवते. तुम्ही आतल्या खोलीत होतात, मी काउंटरवर बसले होते. शिंपीकाका आले, म्हणाले, बेटा, काहीतरी चांगलं दे. मी एक जाड पुस्तक काढून दिलं आणि फार चांगलं आहे म्हणाले. तुम्ही मागून आलात, पुस्तक त्यांच्या हातातून घेतलंत आणि चार लोकांदेखत मला विचारलंत, “बठ्ठं वाचं का?” सगळं काय, मी त्याचं पहिलं पानही वाचलं नव्हतं, मी खाली बघितलं. “मंग कसाले सांगस?” घरी मराठीत बोलणारे तुम्ही रागावलात की अहिराणीवर यायचात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीला केवढं ते.

आता गेल्या आठवड्यातलं ऐका. दुपारी दाराशी एक बाई आली, चाळिशीची असेल. दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीनं आली होती, स्टेशनवरून रिक्षा करून, पत्ता विचारत. तिची पिठाची गिरणी आहे. केसांच्या कडेला पीठ तसंच होतं. पिशवीतून तिनं एक पुस्तक काढलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. माझ्याच यादीतलं. एका मुलीनं विसरभोळ्या होत गेलेल्या आईला कसं सांभाळलं, त्याची हकिकत. ती म्हणाली, “मॅडम, तुमची यादी वाचून मागवलं. पण शहाण्णव पानानंतर एकदम एकशेतेरा लागतं. मधली पानं तुमच्या पुस्तकातून झेरॉक्स करून देता का?” मी म्हटलं, अहो, फोन करायचा. ती म्हणाली, नंबर नव्हता. मग थांबून खालच्या आवाजात म्हणाली, “मनी माय माले वळखत नही आते. मावशी म्हनस. तुम्ही लिहिलं होतं ना, आई ओळख विसरते ते प्रकरण फार सुंदर आहे म्हणून. तेच नाही यात.”

मी लिहिलं होतं, नाना. ‘आईनं लेकीची ओळख विसरल्याचं प्रकरण तर डोळ्यांत पाणी आणतं.’ पार्सलबरोबर एक छापील कागद आला होता, त्यावर प्रकरणांची नावं होती. त्यातलं जे नाव बरं वाटलं त्यावर मी पाणी आणलं होतं.

मी आत गेले. माझी प्रत कपाटात होती आणि तिच्यावरचं प्लास्टिक तसंच होतं. आत उभी राहून फाडावं म्हटलं तर त्याचा आवाज होणार. मी तशीच बाहेर आले आणि तिच्या समोर ते प्लास्टिक फाडलं. ती बघत होती. शहाण्णव. पुढे एकशेतेरा. सोळा पानांचा अख्खा फर्मा, एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा, बांधायचाच राहिला होता. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, “तुमचंही तसंच आहे, मॅडम.” बास, एवढंच. एका शब्दानं काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली, पानं मिळाली तर पाठवा म्हणून पत्ता लिहून दिला आणि चारच्या गाडीला निघून गेली.

मी प्रकाशकाला फोन लावला. भांडायच्याच बेतानं लावला होता. तो हसला. म्हणाला, “मॅडम, पुस्तक येऊन पाच महिने झाले, सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.” मी म्हटलं, बारा ठिकाणी परीक्षणं आली, कुणीच काही म्हणालं नाही? तो म्हणाला, “सगळी चांगली आली. तुमची डोळ्यांत पाण्याची ओळ तर आम्ही नव्या आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर टाकतोय.” मी ती सोळा पानं मागितली आणि फोन ठेवला. बारा शहाणी माणसं, पुस्तकाला मिळालेला एक पुरस्कार, त्यावर झालेल्या तीन सभा, आणि नसलेली पानं दिसली ती गिरणीवालीला, कारण तिला ती हवी होती. आमच्यापैकी कुणाला काहीच नको होतं. आम्हाला फक्त आमचं नाव हवं होतं.

त्यानं सोळा पानं मोबाइलवर पाठवली. ती मी दोनदा वाचली. सुंदर बिंदर काही नाहीत. त्या लेकीनं आईला पहिल्यांदा झिडकारलं, हातातली वाटी आपटली आणि मग रात्रभर पायाशी बसली, एवढंच आहे त्यात. डोळ्यांत पाणी येत नाही. मी कोपऱ्यावर त्यांची झेरॉक्स काढली आणि पोस्टानं दोंडाईच्याला पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली, ‘माझ्या वाचनातल्या दुसऱ्या प्रतीत ही पानं सापडली.’ अशी प्रतच नाही. तिनं माझ्या हातात ते प्लास्टिक पाहिलं होतं, आणि तरी मी हे लिहिलं.

काल तिचा फोन आला. माझा नंबर चिठ्ठीवर होता. म्हणाली, पानं मिळाली, गिरणी बंद करून एका दमात वाचली, आणि मी पण एकदा मायवर हात उगारला होता, ते कुणाला सांगितलं नव्हतं. मग तिनं विचारलं, “मॅडम, आता पुढचं कुठलं वाचू? तुम्ही सांगाल ते वाचते.”

नाना, हे पत्र कुठं टाकणार, आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. कारण मी तिला एक नाव सांगितलं. लगेच सांगितलं, फार चांगलं आहे म्हणाले, आणि तिनं ते पेनानं लिहून घेतल्याचं मला फोनवर ऐकू आलं. ते पुस्तक मी अजून उघडलेलं नाही.