जंतू मारणारी चौकट

आई, तुझी नात आता नववीत आहे. काल तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी व्हॅक्यूम क्लीनरचं चित्र काढलं. गोगलगायीसारखा भिंतीवर चढणारा, धूळ चाटत जाणारा आणि पोटात उकळत्या पाण्याची टाकी असलेला. धूळ आत गेली की जंतू शिजून मरणार. मी नुकतीच दुकानातून आले होते, तर वही पुढे करून म्हणाली की मम्मी, तू रोज हीच मशिनं दुरुस्त करतेस, सांग ना, यात जंतू खरंच मरतील का. मी म्हटलं, बघू नंतर, आणि स्वयंपाकाला लागले. दोन भाकरी करपल्या. माझं तव्याकडे लक्ष नव्हतं, मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते.

मीही अशी चित्रं काढायचे, तुला आठवत असेल. नऊ वर्षांची होते. शिंगणापूरचं आपलं घर, चौकटीला दार नाही, नुसता पडदा, आणि समोरून भाविकांच्या गाड्या दिवसभर धुरळा उडवत जायच्या. तू पाच-पाच वेळा केर काढायचीस आणि पाचही वेळा हरायचीस. मी बाबांच्या तेलाच्या टपरीवर देवाला वाहायच्या रुईच्या पानांच्या माळा ओवायला बसायचे. एकदा तशीच तेलकट, धुळीने भरलेल्या हातांनी घरी आले आणि बाळाला, माझ्या तान्ह्या भावाला, उचललं. त्याने माझं बोट चोखलं. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले आणि चौथ्या दिवशी तो गेला. भेटायला आलेल्या नर्सबाई बोलता बोलता म्हणाल्या की मळक्या हातांनी जंतू जातात पोटात. तू माझ्या हातांकडे पाहिलंस. त्यानंतर दोन वर्षं मी घरात सरळ शिरले नाही. आख्ख्या गावात दार नव्हतं, आणि मी तेवढी बाहेर. मी उंबऱ्यापाशी उभी आहे, तू बादलीत फिनेल कालवून आणतेस, भांड्याच्या काथ्याने माझे हात कोपरापर्यंत घासतेस. कातडं सोलवटतं. मी रडत नाही, कारण रडलं की तू पहिल्यापासून सुरू करतेस.

म्हणून मी यंत्रं काढू लागले. एक हत्तीसारखं होतं, सोंडेने धूळ ओढणारं, पोटात चूल पेटलेली आणि पाठीवर धुराडं. एक पिठाच्या गिरणीसारखं, त्यात जंतू दळले जायचे. सगळ्यात भारी तिसरं होतं. आपल्या घराची चौकटच यंत्र झालेली, चारी बाजूंनी ओढणारी, मधून माणूस गेलं की पलीकडे स्वच्छ. ते मी तुला दाखवलं. मला वाटलं होतं, हे बघून तू मला आत घेशील. तू भाजी निवडत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "ह्यातनं तू गेलीस तर आख्खी तूच आत वढली जाशील. पलीकडं काय बी उरायचं न्हाई." मग ते पान फाडून त्यात भाजीची देठं गुंडाळलीस.

एवढं एक वाक्य मी जपून ठेवलं. लग्न होऊन नगरला आले, नवऱ्याच्या मशिनदुरुस्तीच्या दुकानात बसता बसता मोटारी बांधायला शिकले, आणि माझी मुलगी झाली तेव्हा तू बाळंतविडा घेऊन यायच्या आधी मी ती चौकट बनवली. जुन्या क्लीनरच्या दोन मोटारी, भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे पाइप, वरून जांभळा दिवा. तू एसटीने आलीस, डिंकाच्या लाडवांचा डबा हातात. मी तुला दारातच थांबवलं. म्हटलं, या उजेडाने जंतू मरतात, उभी राहा. मोटारी सुरू झाल्या, तुझा पदर पाइपला जाऊन चिकटला, पिकलेलं डोकं उघडं पडलं आणि तू दोन्ही हात पुढे धरून उभी राहिलीस. मी शंभरपर्यंत आकडे मोजले. "झालं का गं? आता घिऊ का तिला?" तू विचारलंस. मी म्हटलं, अजून एकदा.

त्यानंतर दर महिन्याला तू आलीस आणि दर वेळी मी बटण दाबलं. पुढे पुढे सांगावंही लागेना. तू जिन्यातच चप्पल काढायचीस, हात धुवायचीस आणि आपणहून चौकटीत उभी राहायचीस. मला बरं वाटायचं, आई. खोटं कशाला बोलू, सणासारखं बरं वाटायचं.

शेवटचं आलीस तेव्हा दोन जिने चढून तुला धाप लागली होती. तरी उभी राहिलीस. मोटारींच्या आवाजात मोठ्याने म्हणालीस, "तवा आपल्याकडं हे असतं तर तुला भायेर उभं करायची येळ आली नसती माझ्यावर." मला नीट ऐकू आलं होतं. या एका वाक्याची मी पंचवीस वर्षं वाट पाहिली होती. आणि मी काय म्हणाले? "वळ, पाठ राहिली अजून."

तू वळलीस. यंत्र बंद झालं. आत तुझी नात, दोन वर्षांची, आज्जी आज्जी करत हात पसरून उभी होती. तू तिला उचललं नाहीस. "नगं," म्हणालीस, "ऱ्हायलं असंल काय तरी अजून माझ्यात." लांबूनच तिला डोळे भरून पाहिलंस, डबा उंबऱ्यावर ठेवलास आणि परत जिना उतरलीस. मी हाक मारली नाही. तीन आठवड्यांनी तू गेलीस.

आज सकाळी तुझ्या नातीने पुन्हा विचारलं, जंतू मरतील का. मी म्हटलं, उकळत्या पाण्यात मरतील, काढ तू. तिला खरं सांगितलं, तुला कधीच सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. तो जांभळा दिवा गणपतीच्या आराशीतून उरलेला होता, आई. त्याने एकही जंतू मरत नाही. मला फक्त तू बाहेर उभी राहिलेली बघायची होती.