चार कडव्यांतलं डुक्कर

कालीही, होनोलुलू
३ मार्च १९९१

ती. टूटूस नोहेआचा सा. न.

परवा फोनवर गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि तू फोनच ठेवलास! आजोबांच्या कॅसेटवरून महिनाभर शिकतेय गं. त्यांच्या उकुलेलेच्या तारांनी बोटांना घट्टे पडलेत. माझ्या काइपोचा पहिला वाढदिवस तुझ्याच अंगणात आहे, तिथे म्हणायचंय. आजोबांनी रचलेलं घरचं गाणं, म्हणून तुझा होकार हवा.

आणि एक सांग. गाणं तुझ्यावरचं ना, आणि तू तर जन्मभर मोलोकाईची. मग त्यात दुसऱ्याच बेटावरच्या वायमेआचा पाऊस कसा? आपल्याकडे तर गावागावाच्या पावसाचं नाव वेगळं. रागावू नकोस, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुझी भोचक नात,
नोहेआ

हालावा, मोलोकाई
११ मार्च

चि. नोहेआस टूटूचे आशीर्वाद.

अगं बाई, ‘पुआ’ म्हणजे फूल. तू मध्येच घसा अडवून पुढे आणखी एक ‘आ’ लावतेस, त्याचं होतं डुक्कर! ‘पावसात भिजलेलं माझं डुक्कर’ म्हणालीस. पाहुणे जेवण सोडून हसतील.

पावसाचं विचारलंस, तर ऐक. लग्नाआधी तुझे आजोबा वायमेआला गुराखी होते. तिथे एक मुलगी होती. गाणं तिचं. चाळीस वर्षं त्यांनी ते सुरू केलं की मी बादली उचलून मागे डुकरांना घालायला जायची. एकदाही पुरतं ऐकलं नाही. माझ्या अंगणात दुसरीचं फूल नको. दुसरं काहीही म्हण.

काइपोला पापा.
टूटू

कालीही
१८ मार्च

ती. टूटूस,

नाही म्हणालीस, विषय संपला. ते गाणं मी गाणार नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी कॅसेटवर आहे तस्संच म्हणत होते गं! बाकीच्या गाण्यांत आजोबांचं ‘पुआ’ स्वच्छ आहे. याच गाण्यात, चारही कडव्यांत, ते घसा अडवतात. शेवटच्या वेळी तर खुदकन हसतात. उच्चार चुकला की मला टपली मारणारा माणूस चार वेळा कसा चुकेल? कॅसेट पाठवतेय. नको वाटलं तर ऐकू नकोस.

माया असू दे.
नोहेआ

हालावा
२७ मार्च

चि. नोहेआस,

चार दिवस कॅसेटला हात लावला नाही. काल नवे सेल आणले आणि ऐकली.

तुला कधी सांगितलं नाही. कौनाकाकाईच्या धक्क्यावर माझं डुकराचं पिल्लू सुटलं होतं. त्याच्यामागे धावताना मी एका परक्या गुराख्याला धडकले आणि तो थेट पाण्यात! तेच तुझे आजोबा. तेव्हापासून कुणी नसलं की मला हाक मारायचे, ‘ए डुकरा!’ जगात दुसऱ्या कुणाला नाही.

लबाड कुठला! गाणं जुनंच ठेवलं, पण तिचं फूल काढून तिथे मला बसवलं. आणि मी मूर्ख, दर वेळी बादली घेऊन बाहेर. खूप रडले गं. मग खूप हसले.

गाणं म्हण. उच्चार सुधारलास तर याद राख. कुणी चूक काढलीच तर त्याला माझ्याकडे पाठव. मी अगदी पुढे बसणार आहे. डुकरं त्या दिवशी उशिरा जेवतील.

तुझी,
टूटू