कालचंच पान

मी, पंचफुला निवृत्ती खिल्लारे, वय बाहत्तर, रेल्वेच्या दवाखान्यातली पेन्शनर आया, राहणार तारनाका, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. बाकीचे लोक शुद्धीत हा शब्द रीत म्हणून लिहितात. मला तो जपून लिहावा लागतो, कारण उद्या सोमवारी माझा मुलगा नागसेन मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

त्याचं कारण आधी नोंदवते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. रोज पुढची पानं वाचायची आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती करायची, अशी पद्धत. यंदा गुडघ्यांमुळे मी घरीच वाचत होते आणि एका ओळीवर थांबले. ओळ रागाविषयी आहे: राग रागाने नाही, न रागावता जिंकावा. रोज ती वाचायची, डोळे मिटून तिच्यापाशी बसायचं, मग कामं करताना मनात घोळवायची. घरच्यांना दिसलं ते एवढंच, की म्हातारी रोज कालचंच पान वाचते. एकदा मेथी निवडताना त्या ओळीचा अर्थ असा लख्ख कळला की मी एकटीच हसत बसले. सून रेणुकाने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला.

"माय, हे पान तू कालच वाचलंस, आठवत नाही का?" नागसेनने विचारलं.

"आठवतं की. म्हणूनच परत वाचते."

तो मान हलवत निघून गेला. मग गॅलरीतून, आमचं घर पाडून इमारत बांधू पाहणाऱ्या बिल्डरला फोनवर म्हणाला, "डॉक्टर का सर्टिफिकेट आने दो, फिर मेरी साइन पे काम हो जाता." झेरॉक्सला म्हणून नेलेले घराचे कागद त्याने अजून परत आणलेले नाहीत.

१) हे घर माझ्या पगारातून बांधलेलं, माझ्या नावावर आहे. मी जिवंत असेपर्यंत ते कोणी विकायचं नाही की पाडायचं नाही. माझ्यामागे कोणाचं, ते पुढे लिहिते. अजून हात धजत नाही.

२) पाटल्या मुलगी ज्योतीला. शिलाई मशीन शेजारच्या शाहीन बेगमला. व्हिडिओ बघून ती एकटीच म्हणाली, "इसमें पागलपना क्या है जी? आपा खुश हैं, बस."

३) पितळेची भांडी रेणुकाला. तो व्हिडिओही तिने सांभाळून ठेवावा. इतकी आनंदी मी लग्नाच्या फोटोतही नाही.

४) आता घर. नवरा गेल्यापासून माझ्या छातीत राग होता. दिरांनी गावची जमीन गिळली त्याचा, एकटी पडल्याचा, कशाचाही. सकाळी माझ्याआधी तोच उठायचा. या ओळीपाशी बसून बसून तो उतरला आणि मला या वयात सुख लागलं. फोनवरचं ते बोलणं ऐकलं आणि सगळं मुसळ केरात गेलं. आज सकाळी मी कागदावर लिहिलं, "नागसेनला काहीही नाही." लिहिताना बरं वाटलं, खोटं बोलणार नाही. सही करायला पेन टेकवलं आणि ओळ आठवली. पेन खाली ठेवलं. डोळे मिटून बसले, तरी राग हलेना. इतके दिवस मी ती ओळ सुखात वाचली होती, खरी परीक्षा आज होती. दुपार टळल्यावर मी तो कागद फाडला.

घर नागसेन आणि ज्योती यांना निम्मं निम्मं. हे मी भिऊन लिहिलेलं नाही आणि विसरून तर नाहीच. नागसेनने काय केलं ते मला पक्कं आठवतं.

५) उद्या मी डॉक्टरकडे जाईन आणि हा कागद स्वतः वाचून दाखवीन. नागसेनने समोर बसून ऐकावं.

६) ग्रंथ नागसेनला. बाळा, खुणेची दोरी त्या ओळीच्या पानात शोधू नकोस. वर घराच्या वाटणीत तुझं नाव लिहिलं आणि मी पान उलटलं.

साक्षीदार:
१. शाहीन बेगम, शेजारीण (सही)
२. मिलिंद जोंधळे, विहारातले ग्रंथवाचक (सही). यांनीच मला "ताई, तुम्ही फार मागे राहिलात" म्हटलं होतं.

लिहून देणार: पंचफुला निवृत्ती खिल्लारे (सही)
ठिकाण: तारनाका, हैदराबाद
दिनांक: ५ ऑक्टोबर २०२५, पौर्णिमेचा आदला दिवस