फोटोतला हात

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड.

बुटांच्या खोक्याचा फोटो आज आला. हिमालयातल्या ट्रेकसाठी मागवलेले बूट. अमेरिकेतलं ते दुकान भारतात माल पाठवत नाही, म्हणून तिथल्याच एका फॉरवर्डिंगवाल्याच्या गोदामाचा पत्ता दिला होता. तो पुढं इकडं पाठवणार. पण खोकं कापलेलं दिसतंय. खाली लिहिलंय, तपासणीसाठी उघडले. कसली तपासणी? बुटांसोबत लोकरी मोज्यांचे दोन जोड होते. फोटोत बूट आहेत, मोजे कुठंच नाहीत.

आणि कडेला एक हात. मनगटावर लाल धागा.

सुनीताला दाखवला. ती म्हणाली, "आपलाच माणूस हाय की तिथं. उगंच जिवाला घोर लावून राहिलात."

"आपला हाय म्हणूनच," मी म्हटलं.

चहा घेताना फोटो पुन्हा मोठा केला. खोकं सोडून हातच बघत बसलो. बायकोला काय सांगू? अठरा वर्षं ट्रॅव्हल्सच्या पार्सल ऑफिसात काढली. देगलूरहून आंब्याची पेटी आली की आम्ही दोरी सोडतो, चार आंबे काढतो, पुन्हा तशीच बांधतो. कुणी विचारलंच तर सांगतो, तपासणी केली.

तरी तक्रारीचा मेल लिहायला घेतला. चांगला कडक लिहीत होतो. दुसऱ्याच ओळीत टाइप करणाऱ्या मनगटावरचा लाल धागा दिसला.

मेल तसाच पडून आहे.