ऑइलमध्ये पाणी

दादा,

आज तुझा डबा मी भरलेला नाही. कॅन्टीनमध्ये खा.

त्या ट्रकच्या ऑइलमध्ये पाणी उतरतंय, इंजिनचं हेड खोलावं लागेल, हे मी तुला दोनदा सांगितलं होतं. वर्कशॉपचा सुपरवायझर तू, मी मेकॅनिक. म्हणालास, "ऑइल बदल आणि गाडी सोड." तिसऱ्या दिवशी चढावर इंजिन जाम झालं. ड्रायव्हर बघायला उतरला आणि मागून आलेल्या गाडीखाली त्याचा पाय गेला. काल मॅनेजरसमोर तू माझ्याकडे बोट दाखवलंस. सख्ख्या भावाला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही.

सकाळी त्या ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. तिने शिव्या दिल्या नाहीत, एवढंच विचारलं, "नेमकं काय झालं, भाऊ?" तेच सांगायला हॉस्पिटलात चाललोय. तिथे तुझं नाव घेणार आहे. आईला काय सांगायचं, ते तू ठरव.

धाकटा